बोहाड्याचे मुखवटे

मंडळी, शिमग्यातला संकासुर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. आज त्याच्या डोंगरातल्या भाऊबंदांकडे जाऊ. वाट काही फार लांबची नाही. मुंबईच्या साकीनाक्यावरची कारखान्यांची खडखड मागे टाकून उत्तरेला निघालात, मग घाट चढलात, की जव्हार-मोखाड्याचा मुलूख लागतो. १९४८ पर्यंत जव्हारला मुकणे घराण्याचे संस्थान होते. पुढे हा भाग ठाणे जिल्ह्यात आला. २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. कचेऱ्या बदलल्या, पण उन्हाळ्यातला बोहाडा काही थांबला नाही.

बोहाडा म्हणजे देवादिकांच्या सोंगांचा उत्सव. कोकणा, वारली, ठाकर, महादेव कोळी ही सारी मंडळी त्यात असतात. रात्री टेंभे पेटतात, संबळ घुमतो. आधी गणपती येतो, मागून शारदा; मग त्राटिका, नरसिंह, दहा तोंडांचा रावण. शेवटी देवी महिषासुराला मारते, तोवर उजाडायला आलेले असते.

हे मुखवटे पूर्वी लाकडात कोरीत. पण लाकूड जड, आणि नाचणाऱ्याची मान ती एकच! म्हणून पुढे मातीच्या साच्यावर कागदाच्या लगद्याचे थर चढवून मुखवटा करू लागले. वाळला की रंगवायचा. जव्हारजवळच्या रामखिंड गावी हे काम करणारी घरे आहेत. मुलगा बापाशेजारी बसून लगदा कालवतो, तिथेच त्याची शाळा. रावणाच्या तोंडांचा भार दोन्ही खांद्यांकडे सारखा कसा पडावा, भोके कुठे ठेवली म्हणजे नाचणाऱ्याला पुढची वाट दिसेल, हे कागदावर लिहून शिकवता येत नाही. मुखवटा घातलेल्याने एकदा ठेच खाल्ली, की पुढच्या वेळी भोक बरोबर जागी पडते.

पुष्कळ गावांत एकेक सोंग एकेका घराकडे पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. घडवणारे घर आणि नाचवणारे घर, दोघांवाचून ही कला चालायची नाही. हल्ली शहरातले लोक भिंतीवर टांगायला मुखवटे नेतात. त्यात वाईट काही नाही, कारागिराला चार पैसे मिळतात. पण भिंतीला मान नसते आणि तिला ठेचही लागत नाही. अशा गिऱ्हाइकासाठी भोके नीट पाडण्याची गरज कोणाला?

खरी अडचण निराळीच आहे. या डोंगरांतली कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडी परततात. बोहाडा भरतो तो नेमका चैत्र-वैशाखात.

तेव्हा गुरुजी, आपली शाळा त्या बाजूला असेल तर एवढे करा. कोणते सोंग कोणाच्या घरचे, आजोबांच्या वेळी ते कोण नाचवी, हे मुलांना घरी विचारून वहीत उतरवायला सांगा. आणि यंदा रावण बाहेर निघाला, की माळ्यावरच राहिला, तेही.