दर फांदीमागे किती?

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिचा लौकिक कुरकुमीनच्या प्रमाणावर उभा आहे, गड्ड्याला किती हळकुंडे फुटली यावर नाही. प्रकाशरसायनात मात्र हा साधा विवेक पुष्कळदा सुटतो.

पूर्वपक्ष असा : रेणूने एकाच क्षणी दोन फोटॉन शोषावेत असे वाटत असेल, तर त्याला फांद्या, म्हणजे मध्यभागाला जोडलेल्या अणूंच्या साखळ्या, लावा. या द्विफोटॉन शोषणाचे गणित मारिया गोपर्ट-मायर यांनी १९३१ मध्ये मांडले. लेसर आल्यावर १९६१ मध्ये ते प्रयोगात दिसले. पुढे १९९९ मध्ये बफेलो विद्यापीठातील पारस प्रसाद यांच्या गटाने ट्रायफेनिलअमाइनवर एक, दोन आणि तीन फांद्या असलेले रेणू तपासले. शोषणक्षमतेचे गुणोत्तर निघाले १ : ३.१ : ६.८. फांदी वाढली की शोषण गुणाकाराने वाढते, हा समज त्यातूनच बळावला.

आकडे खोटे नाहीत. ६.८ ला तिनाने भागले तरी दर फांदीमागे सव्वादोन पट उरतेच. तिथे फांद्यांनी एकमेकींना हात दिला, हे मान्य. आक्षेप आहे तो एका रेणुकुळाच्या निकालाचा नियम करण्यावर.

एक, हा भागाकार सगळेच करत नाहीत. तीन फांद्यांनी तिप्पट शोषले, तर ती नुसती बेरीज झाली. दोन, फांद्या जोडल्या की उत्तेजित पातळ्या वर-खाली सरकतात. शोषण एका तरंगलांबीवर वाढते, तर दुसरीवर घटते. एकाच तरंगलांबीवर निकाल देणे म्हणजे वावरातला एक वाफा पाहून एकरी उतारा सांगणे. तीन, नॅनोसेकंदाच्या लेसर-स्पंदात आधीच उत्तेजित झालेला रेणू आणखी प्रकाश घेतो आणि तोही हिशेबात चढतो. आकडा कधी शंभर पटींनी फुगतो. फेम्टोसेकंदाच्या स्पंदात ही सूज बरीच उतरते.

मग फांद्या व्यर्थ का? तसे नाही. मध्यभाग इलेक्ट्रॉन देणारा, टोके घेणारी आणि मधली बंधसाखळी सलग, सपाट असेल, तर फांद्यांचे आपसांत जमते. तीच जोडणी बेन्झीनच्या मेटा स्थानावरून, म्हणजे कड्यातला एक कार्बन सोडून पुढच्यावरून, केली की दुवा क्षीण होतो आणि तीन फांद्या तीन सुट्या रेणूंसारख्या वागू लागतात.

आणि फांद्यांशिवायही भागते, याचा दाखला हळदीतच आहे. कुरकुमीन हा लांबट, बिनफांद्यांचा रेणू. ४२५ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा-जांभळा प्रकाश शोषतो, म्हणून पिवळा दिसतो. तरी २००७ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी जिवंत उंदरांच्या मेंदूतले अल्झायमरचे डाग कुरकुमीनने उजळवून बहुफोटॉन सूक्ष्मदर्शकातून, म्हणजे एकाच क्षणी एकाहून अधिक फोटॉन शोषण्यावर चालणाऱ्या उपकरणातून, पाहिले.

तेव्हा नवा फांदीदार रेणू समोर आला की विचारावे : दर फांदीमागे किती, कोणत्या तरंगलांबीवर आणि किती आखूड स्पंदात? गड्ड्याच्या वजनावरून हळदीचा कस कोणी ठरवत नाही.