दहा वर्षांचा करार

परभणीहून गंगाखेडाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पोखर्णी नृसिंह नावाचे स्थानक लागते. गाव नृसिंहाच्या देवस्थानामुळे दूरवर माहीत आहे, व देवाच्या निमित्ताने तेथे येणाऱ्यांची वर्दळ कधी तुटत नाही. शिक्षणाच्या निमित्ताने अशा गावांतून बाहेर पडलेल्या मुलांचा माग मात्र क्वचितच कोणी घेतला आहे. त्यांतही गावकुसाबाहेरच्या मुलांच्या शिक्षणाचा खर्च कोणी सोसला, आणि शिकल्यावर त्यांनी त्याची फेड कशी केली, हा मराठवाड्याच्या इतिहासातील एक मोठाच प्रश्न आहे. त्याचे मूळ पाहू गेल्यास ते मराठवाड्यात नव्हे, तर बडोद्यास सापडते.

१९१३ सालच्या जून महिन्याच्या ४ तारखेस बडोदे सरकारच्या दप्तरी एक करार झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून नुकतेच बी. ए. झालेले भीमराव रामजी आंबेडकर ह्यांस अमेरिकेत अध्ययन करण्यासाठी तीन वर्षेपर्यंत दरमहा साडेअकरा पौंड मिळावयाचे होते, आणि परत आल्यावर त्यांनी दहा वर्षे बडोदे संस्थानची चाकरी करावयाची होती. महाराज सयाजीरावांनी ह्या तरुणास ह्यापूर्वीही दरमहा पंचवीस रुपये देऊन कॉलेजात शिकविले होते. कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनी महाराजांकडे शब्द टाकला नसता, तर तेही घडते ना. १९०६ साली आपल्या सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणाऱ्या ह्या राजाची दानत निर्विवाद होती. कराराची अटही व्यवहारास धरूनच होती. प्रजेच्या पैशावर शिकलेल्याने प्रजेची सेवा करावी, ह्यात गैर ते काय?

परंतु करारात एक गोष्ट गृहीत धरली होती, ती ही की शिकून आलेल्यास सेवा करू दिली जाईल. १९१७ च्या सप्टेंबरात आंबेडकर बडोद्यास रुजू झाले, तेव्हा कोलंबिया विद्यापीठाचा हा पंडित ज्या कचेरीत अधिकारी म्हणून बसला, तेथील शिपाई त्याच्या हाती कागद न देता दुरून टाकू लागले. प्यावयास पाणी मिळेना. गावात कोणी जागा देईना, म्हणून ते नाव लपवून एका पारशी धर्मशाळेत राहिले. तेथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांस बाहेर काढले. दहा वर्षांची चाकरी काही दिवसांतच आटोपली. महाराजांची इच्छा नव्हती असे म्हणता येत नाही. पण महाराजांचे औदार्य कचेरीच्या उंबरठ्यापर्यंतच पोहोचले होते, हे मान्य केलेच पाहिजे.

कागदावरील करार असा मोडला. तथापि त्या साडेअकरा पौंडांची फेड झाली नाही असे कोण म्हणेल? ती झाली, पण धनको निराळा निघाला. १९२० च्या जानेवारीत ‘मूकनायक’ निघाला. त्यास कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साह्य होते. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली व पुढच्याच वर्षी सोलापुरास तिचे वसतिगृह उघडले. शिष्यवृत्ती मिळूनही शहरात राहावयास जागा नसेल तर ती व्यर्थ, हा बडोद्याचा धडा त्या वसतिगृहाच्या मुळाशी असावा, असे आम्हांस वाटते.

पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बसल्यावर डॉक्टरांनी १९४२ च्या ऑक्टोबरात एक लेखी गाऱ्हाणे सादर केले. बनारस व अलीगढ येथील विद्यापीठांस सरकार दरवर्षी तीन तीन लाख रुपये देते, मग अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणास तेवढे का देऊ नयेत, असा त्यांचा सरळ हिशेब होता. त्यातून १९४४ साली मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्त्यांची योजना सुरू झाली. स्वतः एका राजाच्या मर्जीवर शिकलेल्या माणसाने आपल्यामागून येणाऱ्यांस मर्जीवर अवलंबून ठेवले नाही. त्यांच्या शिक्षणास त्याने सरकारी अंदाजपत्रकात जागा करून दिली. एवढा एकच पालट आमच्या मते ग्रंथच्या ग्रंथ लिहिण्याजोगा आहे.

मराठवाड्यास ह्याचा लाभ उशिराने झाला. निजामी अमदानीत परभणी जिल्ह्यातील मराठी मुलास पदवी हवी तर हैदराबादेस जाऊन उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून शिकावे लागे. सधन ब्राह्मण किंवा देशमुखाच्या मुलासही ते जड जाई, मग महारवाड्यातील मुलाची कथा काय! १९४८ च्या सप्टेंबरात निजामशाही संपली आणि १९५० च्या जूनमध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेस महाविद्यालय उघडले. त्यासच पुढे ‘मिलिंद’ हे नाव मिळाले. प्रश्न विचारणाऱ्या यवन राजाचे नाव महाविद्यालयास व उत्तरे देणाऱ्या भिक्षूचे नाव परिसरास, ही नागसेनवनाची योजना मोठी मार्मिक होय. परभणीच्या मुलास आता पूर्णा-मनमाडच्या गाडीत बसून एका दिवसात तेथे जाता येई. शिष्यवृत्ती होती, वसतिगृह होते. घरून पैसे येण्याची अट उरली नव्हती.

येथे दूरदेशीचे एक उदाहरण आठवते. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील हॉपी जमातीच्या एकोणीस पुरुषांस सरकारने १८९५ साली अल्काट्राझ बेटावर कैदेत ठेवले. सरकारी शाळेत मुले धाडण्यास विरोध, हा त्यांच्या अपराधांपैकी एक. त्याच जमातीने २००० साली आपल्याच मुलांच्या उच्च शिक्षणासाठी कायमचा निधी उभारला. तेथे शाळा लादली गेली, येथे ती नाकारली गेली. पण शिकलेले मूल परत आपल्या माणसांत येईल काय, ही धास्ती दोहींकडे सारखीच.

ती धास्ती खोटी नव्हती. १९५६ च्या मार्च महिन्यात आग्र्यास भाषण करताना बाबासाहेबांनी आपल्याच शिकलेल्या लोकांवर कठोर ठपका ठेवला. शिकून हे समाजाच्या उपयोगी पडतील अशी आशा होती, पण कारकुनांची गर्दीच झाली, अशा आशयाची ती खंत होती. ती न्याय्य होती. पण आम्हांस वाटते, ती थोडी घाईचीही होती. मिलिंदला तेव्हा अवघी सहा वर्षे झाली होती. आणि पहिल्या पिढीतील कारकुनाच्या पगारातून गावाकडच्या किती भावंडांच्या फिया गेल्या, ह्याची नोंद कोणत्या वहीत आहे?

ज्या फेडीची नोंद आहे, ती आपल्या भाषेपुरती तरी डोळ्यांपुढे आहे. मिलिंदचे प्राचार्य म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले व तेथील कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा परिचय त्यांनी मराठी तरुणांस करून दिला. गंगाधर पानतावणे ह्यांनी औरंगाबादेहून चालविलेल्या ‘अस्मितादर्श’ने खेड्यांतून आलेल्या अनेकांस पहिल्यांदा छापील अक्षरांत आपले नाव दाखविले.

गावांनी मात्र ह्या शिकलेल्यांस सुखासुखी परत घेतले नाही. १९७८ च्या जुलैत मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात संमत होताच दंगल उसळली. नांदेड व परभणी जिल्ह्यांत दलितांची घरे जळाली, माणसे मारली गेली. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी, म्हणजे ठरावानंतर साडेपंधरा वर्षांनी. ह्या मधल्या काळात शिष्यवृत्तीचे अर्ज भरून परभणीच्या स्थानकावर औरंगाबादच्या गाडीची वाट पाहणाऱ्या मुलांत, ज्यांची घरे जळाली होती त्यांची मुलेही होती.