बांगड्याच्या नावातला तेलुगू शब्द

प्लेटोच्या ‘क्रॅटिलस’ या संवादात एक जुना वाद आहे : वस्तूचं नाव तिच्या स्वभावातून येतं, की माणसांनी आपसांत ठरवलं म्हणून ते चालतं? वर्गात मी हा वाद वर्षानुवर्षं शिकवला. आज तो बांगड्यावरून समजून घेऊ.

आपण बांगडा म्हणतो, गोव्यात बांगडो, कर्नाटक किनाऱ्यावर बंगुडे, केरळात अयला. मासा एकच. शास्त्रात त्याचं नाव ‘रास्ट्रेलिजर कनागुर्ता’. पहिला शब्द लॅटिनमधून घडवलेला. त्याचा अर्थ दंताळं बाळगणारा. बांगड्याचं तोंड उघडून बघा, आत कल्ल्यांपाशी लांब, पिसांसारखे दाते दिसतात. पाण्यातले सूक्ष्म जीव तो त्यांनी गाळून खातो. म्हणजे हे नाव स्वभावावरून पडलं.

पण ‘कनागुर्ता’? हा शब्द लॅटिनही नाही आणि ग्रीकही नाही. तो विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावरचा, तेलुगू.

तो तिथून शास्त्रात कसा गेला? पॅट्रिक रसेल नावाचा स्कॉटिश डॉक्टर 1781 साली विशाखापट्टणमला आला. पुढे तो ईस्ट इंडिया कंपनीचा निसर्गतज्ज्ञ झाला. तिथल्या दोनशे माशांची वर्णनं आणि चित्रं त्याने 1803 साली लंडनला छापली. मासे ओळखायला त्याने स्थानिक नावंच दिली, जशी कानाला ऐकू आली तशी रोमन लिपीत. त्यात एक होतं कनागुर्ता. पुढे फ्रान्सच्या क्युव्हिएने त्याच आधारावर ‘स्कोंबर कनागुर्ता’ असं नामकरण केलं. स्कोंबर हा बांगड्याच्या युरोपीय भाऊबंदांसाठीचा जुना ग्रीक शब्द.

आता गंमत बघा. 1908 साली अमेरिकेतल्या जॉर्डन आणि स्टार्क्स यांनी आपल्या बांगड्यासाठी वेगळा गट केला. मग ‘स्कोंबर’ गेलं, ‘रास्ट्रेलिजर’ आलं. पण शास्त्राचा नियम असा, की गट बदलला तरी प्रजातीचं सर्वांत जुनं नाव सोडायचं नाही. त्यामुळे ग्रीक शब्द हटला आणि तेलुगू शब्द राहिला!

याच रसेलने सापांवरही मोठं काम केलं. आपल्या घोणशीला इंग्रजीत ‘रसेल्स व्हायपर’ म्हणतात. तिच्या शास्त्रीय नावातही तोच आहे. म्हणजे सापाला साहेबाचं नाव, आणि माशाला मासे धरणाऱ्यांच्या बोलीतलं.

मला यातली एक गोष्ट टोचते. रसेलचं जन्मगाव आपल्याला ठाऊक आहे, क्युव्हिएचं चरित्र ग्रंथालयात मिळतं. पण ज्याने मासा हातात धरून ‘हा कनागुर्ता’ असं सांगितलं, त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. वर्गीकरणाची पहिली पायरी मात्र त्याचीच होती. हा मासा त्या माशापेक्षा वेगळा, हे त्याला पुस्तक छापण्याआधीच माहीत होतं.

तेव्हा क्रॅटिलसच्या वादात मी एक भर घालीन. नाव स्वभावातून येवो की ठरावातून, ते आधी कुणाच्या तरी तोंडून येतं. दुसऱ्या कुणीतरी ते नीट ऐकून घ्यावं लागतं. रसेलने ऐकलं. आपण बाजारात मासे घेतो तेव्हा मावशींना नाव विचारतो का? की नुसता भाव?