स्वित्झर्लंडच्या आज्या कोर्टात जातात

आजची गोष्ट आहे स्वित्झर्लंडच्या आज्यांची. सिनेमात बर्फाचे डोंगर दाखवतात, तोच हा देश. पण आता तिथेही ऊन जीव घेतं. २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात उष्णतेच्या लाटेने हजारो माणसं गेली. त्यात म्हातारी माणसं जास्त, आणि त्यांतही बायका.

डिसेंबर २०१५ मध्ये जगभरची सरकारं पॅरिसला जमली. पृथ्वीचं तापमान दीड अंशापेक्षा जास्त वाढू नये म्हणून झटायचं, असा करार झाला. पण कोळसा, डिझेल जाळून निघणारा कार्बन वायू किती कमी करायचा, हे ज्या त्या देशाने ठरवायचं. ठरवलेलं केलं नाही तर दंड काही नाही. मग सरकारला शब्द पाळायला लावणार कोण?

२०१६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या वयस्क बायकांनी यासाठीच संघटना काढली. पुढे तिच्या सभासद दोन हजारांवर गेल्या, बहुतेक सत्तरीच्या पुढच्या. वाट बघणं त्यांना नवं नव्हतं. देशाच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क तिथल्या बायकांना मिळाला तो १९७१ साली! आपल्याकडे तो पहिल्याच निवडणुकीपासून होता.

त्यांनी आधी सरकारकडे अर्ज केला. तो फेटाळला गेला. मग कोर्टात गेल्या. २०१८ मध्ये कोर्ट म्हणालं, उन्हाचा त्रास काही फक्त म्हाताऱ्या बायकांनाच होत नाही. २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयातही हरल्या. तरी घरी बसल्या नाहीत. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेल्या. ग्रीनपीस ही पर्यावरण संस्था पाठीशी होती.

९ एप्रिल २०२४ ला निकाल लागला. सतरापैकी सोळा न्यायाधीशांनी सांगितलं, की हवामान बदलापासून लोकांना वाचवण्यात स्वित्झर्लंड सरकार कमी पडलं.

आता नीट ऐका. संघटनेसोबत चार बायकांनी स्वतःच्या नावानेही तक्रार केली होती. त्यांतली एक तर निकालाआधीच वारली. या चौघींच्या तक्रारी न्यायालयाने दाखल करून घेतल्या नाहीत. ऊन सगळ्यांनाच लागतं, त्यात माझंच नुकसान वेगळं आणि मोठं, हे एकटीने सिद्ध करणं फार अवघड. संघटना मात्र सगळ्यांच्या वतीने बोलू शकते. म्हणून तिची तक्रार टिकली.

निकालाने काम संपलं नाही. दोनच महिन्यांनी तिथली संसद म्हणाली, आम्ही करतोय तेवढं पुरे. त्यामुळे पाठपुरावा चालूच राहिला.

तो निकाल युरोपापुरता आहे. पण मार्च २०२४ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही माळढोक पक्ष्याच्या खटल्यात सांगितलं, की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा नागरिकांचा हक्क आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, उन्हात कोण आजारी पडलं, कोणाची मजुरी बुडाली, हे गटाच्या बैठकीत बोला आणि इतिवृत्तात तारखेसह लिहा. ग्रामसभेत मागणी करायची ती गटाचा ठराव करून. एकीचं गाऱ्हाणं ऐकून सोडून देता येतं, गटाचा ठराव तसा सोडता येत नाही.