शिधा: छावणीच्या रांगेपासून मोबाइलपर्यंत

गटाच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. साबण, तेल, डाळ सगळं मोबाइलवरून घरी मागवता येतं, मग रेशनचं धान्य का नाही? आम्हाला वाटलं, याचं उत्तर देण्याआधी हे रेशन आलं कुठून ते सांगावं. त्यासाठी फार लांब जायला नको. कल्याणच्या पुढे लोकलने निघालं की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्टेशनं लागतात. रेशनच्या इतिहासातली बरीच पानं या पट्ट्यातच सापडतात.

सुरुवात दुसऱ्या महायुद्धातली. १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तिथून येणारा तांदूळ थांबला. बाजारात धान्य मिळेना, भाव चढले. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं. माणशी ठरलेलं धान्य, ठरलेल्या भावात, कार्ड दाखवून. त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसं उपासमारीने गेली. ‘शिधापत्रिका’ हा शब्द आपल्या घरात शिरला तो अशा काळात.

त्याच युद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी उभी राहिली होती. युद्ध संपलं, बराकी रिकाम्या झाल्या. १९४७ ला फाळणी झाली आणि सिंधमधून घरदार सोडून आलेल्या सुमारे एक लाख माणसांना या बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते इथे नव्या नगराची कोनशिला बसली. उल्हास नदीवरून नाव पडलं उल्हासनगर. आजही तिथले लोक पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर अमुक’ असंच म्हणतात.

छावणीत सुरुवातीला सरकारी शिधा मिळायचा. काल ज्यांच्या घरात कोठारं होती, त्या बायकांना आज रांगेत उभं राहावं लागलं. पुढे मोफत शिधा टप्प्याटप्प्याने बंद झाला. मग घराघरांत पापड लाटले जाऊ लागले, लोणची घातली जाऊ लागली, घरातला माल बाजारात जाऊ लागला. उल्हासनगरचा पापड आज सगळीकडे जातो, त्यामागे हे दिवस आहेत. सरकारी शिध्याने माणसं तगली आणि बायकांच्या हातच्या कामाने ती पायावर उभी राहिली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक सांगून दुसरी विसरता कामा नये.

१९६५ साली भारतीय अन्न महामंडळ स्थापन झालं. शेतकऱ्याकडून धान्य घ्यायचं, गोदामात साठवायचं, रेशन दुकानांपर्यंत पोचवायचं, हे त्याचं काम. १९७२ चा दुष्काळ आपल्या आज्या-आयांना अजून आठवतो. दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी आणि रेशनवर मिळणारा अमेरिकेचा लाल मिलो. तो मिलो कुणाला आवडला नाही, पण निवडायची सोय नव्हती. त्याच काळात मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या नेत्यांनी महागाईविरुद्ध बायकांना एकत्र केलं. हातात लाटणं घेऊन मोर्चे निघाले. धान्य हा घरातल्या बाईचा प्रश्न आहे आणि तो रस्त्यावर मांडता येतो, हे त्या लाटण्याने दाखवून दिलं.

पुढे १९९७ मध्ये सरकारने रेशन गरिबांपुरतं वेगळं केलं. महाराष्ट्रात १९९९ पासून कार्डाचे तीन रंग झाले: पिवळं, केशरी, पांढरं. २००० साली सर्वांत गरीब घरांसाठी अंत्योदय योजना आली. मग २०१३ चा अन्न सुरक्षा कायदा आला. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय घराला ३५ किलो धान्य हा कायद्याने हक्क झाला. २०२३ पासून हे धान्य मोफत आहे.

या कायद्यातलं एक कलम प्रत्येकीने लक्षात ठेवावं. घरातली १८ वर्षांवरची सर्वांत मोठी बाई ही रेशनकार्डापुरती कुटुंबप्रमुख. कार्ड तिच्या नावाने हवं. कितीतरी घरांत नाव तिचं असतं आणि कार्ड मात्र दुसऱ्याच्या खिशात.

मग आलं अंगठ्याचं मशीन. त्याचा एक फायदा नक्की झाला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात एका राज्याचं कार्ड दुसऱ्या राज्यात चालायला सुरुवात झाली आणि पुढे ‘एक देश, एक रेशनकार्ड’ देशभर लागू झालं. आपल्या ठाणे-रायगडातल्या कातकरी बहिणी दरवर्षी वीटभट्टीवर जातात. पूर्वी त्यांचं धान्य गावात राहायचं आणि पोट भट्टीवर. आता भट्टीजवळच्या दुकानातून ते उचलता येतं. पण झिजलेल्या बोटांचा ठसा मशीनवर उमटत नाही, रेंज नसते, हेही रोजचं आहे.

आता मोबाइलकडे येऊ. ‘मेरा राशन’ या अॅपवर आपल्या कार्डावर किती धान्य आहे आणि जवळचं दुकान कुठलं, ते पाहता येतं. पण त्यावरून धान्य घरी येत नाही. आंध्र प्रदेशात २०२१ पासून गाड्यांनी दारोदार रेशन वाटलं, २०२५ मध्ये ते पुन्हा दुकानावर आलं. २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या ऊना आणि हमीरपूर जिल्ह्यांत ११ रेशन दुकानं ऑनलाइन बाजाराला जोडण्याचा प्रयोग झाला. तिथे दुकानदार इतर माल ऑनलाइन विकू शकतो. रेशनचा हक्क मात्र दुकानावरच बजावायचा.

अमेरिकेत रीत निराळी. तिथे १९३९ साली गरिबांना धान्याऐवजी तिकिटं दिली. ती घेऊन कुठल्याही वाण्याकडे जा आणि हवं ते खाणं घ्या. तिकिटांचं पुढे कार्ड झालं. २०१९ मध्ये न्यूयॉर्कपासून त्या कार्डावर ऑनलाइन किराणा मिळू लागला आणि करोनाच्या काळात ही सोय झपाट्याने वाढली. पण घरी पोचवण्याचा खर्च त्या कार्डातून भागत नाही, तो पदरचा द्यावा लागतो.

म्हणजे फरक हा की त्यांच्या हातात पैशांसारखं काही आहे, आपल्या हातात धान्य आहे. पैसे आले की निवड येते: भाकरी आवडत असेल तर ज्वारी घ्या. पण भाव वाढला की त्याच पैशात पिशवी हलकी होते. २०२३ मध्ये आपल्या राज्याने विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकरी कुटुंबांना धान्याऐवजी माणशी महिना १५० रुपये द्यायचं ठरवलं. ५ किलोने भागा, किलोला ३० रुपये पडतात. आपल्या बाजारात आज गव्हाचा आणि तांदळाचा भाव काय आहे, तो याच्या शेजारी लिहून पाहा. शिवाय ५ किलो धान्य घरात आलं की चुलीवर जातं. पैसे खात्यात आले की ते काढायला कोण जातं, हाही प्रश्न असतो.

म्हणून आम्हाला वाटतं, रेशन उद्या मोबाइलवर आलं तर आपण त्याला नाही म्हणू नये, पण तीन गोष्टी आधी विचाराव्यात. फोन कुणाच्या हातात असणार? पोचवण्याचा खर्च कोण देणार? आणि ज्या पाड्यावर रेंज नाही तिथे दुकान चालू राहणार का?

तोवर एवढं करू. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपलं कार्ड घेऊन यावं. कुटुंबप्रमुख म्हणून कुणाचं नाव आहे, घरातल्या सगळ्यांची नावं आहेत का, सुनेचं आणि नव्या बाळाचं चढलं का, ते एकमेकींना वाचून दाखवू. धान्य कमी मिळत असेल तर १९६७ या क्रमांकावर तक्रार करता येते. हा आकडा गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.