एका तारखेचा गुन्हा : बेकायदा सीमाप्रवेश आणि आश्रयाचा हक्क

#इतिहास #थ्रेड

१/११
१९४० च्या अखेरीस स्वित्झर्लंडमधील सेंट गॅलनच्या न्यायालयाने एका माजी पोलीस अधिकाऱ्याला दोषी ठरवले. त्याने लाच घेतली नव्हती की कोणाला मारहाण केली नव्हती. निर्वासितांच्या कागदपत्रांवर त्याने प्रवेशाची तारीख मागची टाकली होती. त्याचे नाव पाउल ग्र्युनिंगर. ती एक तारीख इतकी महत्त्वाची का ठरली?

२/११
मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. व्हिएन्नातील ज्यूंची दुकाने, घरे, नोकऱ्या हिरावल्या जाऊ लागल्या आणि हजारोंनी देश सोडण्याची धडपड सुरू केली. शेजारच्या स्वित्झर्लंडने १ एप्रिलपासून ऑस्ट्रियन पासपोर्टधारकांना व्हिसा सक्तीचा केला. म्हणजे संकट येताच पहिला अडसर कागदाचा पडला.

३/११
जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधील एव्हियां येथे ३२ देशांचे प्रतिनिधी निर्वासितांच्या प्रश्नावर विचार करण्यासाठी जमले. सहानुभूतीची भाषणे झाली. पण डॉमिनिकन प्रजासत्ताकाचा अपवाद वगळता मोठ्या संख्येने माणसे स्वीकारण्याची तयारी जवळजवळ कोणीच दाखवली नाही. कायदेशीर वाटा आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या.

४/११
१९ ऑगस्ट १९३८ रोजी स्वित्झर्लंडने व्हिसा नसलेल्या निर्वासितांसाठी सीमा बंद केली. माणसांचा ओघ मात्र थांबला नाही. त्याने फक्त वाट बदलली. डीपोल्डझाऊजवळ ऱ्हाइन नदीच्या जुन्या पात्रातून लोक रात्रीच्या अंधारात पलीकडे जाऊ लागले. माणसे तीच होती आणि त्यांचे भयही तेच होते. एका आदेशाने ती ‘बेकायदा’ झाली.

५/११
पुढे आणखी एक पेच निर्माण झाला. ऑस्ट्रियन पासपोर्टांच्या जागी जर्मन पासपोर्ट येऊ लागले आणि जर्मनांना तर व्हिसा लागत नव्हता! मग यांतले ज्यू ओळखायचे कसे? दोन्ही सरकारांच्या वाटाघाटींतून तोडगा निघाला. ऑक्टोबर १९३८ पासून जर्मनीतील ज्यूंच्या पासपोर्टवर लाल ‘जे’ अक्षराचा शिक्का बसू लागला.

६/११
ग्र्युनिंगर हे सेंट गॅलन प्रांताच्या पोलीस दलाचे प्रमुख होते. सीमा ओलांडून आलेल्यांना परत पाठवणे हे त्यांचे कर्तव्य होते. त्यांनी केले ते वेगळेच : १९ ऑगस्टनंतर आलेली माणसे त्याआधीच आली होती, अशी कागदोपत्री नोंद होऊ दिली. अशा रीतीने शेकडो जीव वाचले. काही अंदाज तीन हजारांच्याही पुढे जातात.

७/११
१९३९ मध्ये ते बडतर्फ झाले. पुढे कर्तव्यभंग आणि कागदपत्रांतील फेरफार यांबद्दल ३०० फ्रँक दंड झाला. निवृत्तिवेतनही गेले. उरलेले आयुष्य त्यांनी मिळेल ते काम करीत काढले. १९७२ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हाही ती शिक्षा कायम होती.

८/११
स्वित्झर्लंडमध्ये तेव्हा आश्रयाची पद्धत नव्हती असे नाही. पण ती ‘राजकीय’ निर्वासितांपुरती होती. केवळ ज्यू असल्यामुळे पळालेला माणूस त्या व्याख्येत बसत नव्हता. ऑगस्ट १९४२ मध्ये, पूर्वेकडे माणसे मृत्युछावण्यांत धाडली जात असताना, याच आधारावर सीमा पुन्हा कडेकोट बंद करण्यात आली.

९/११
महायुद्धानंतर, २८ जुलै १९५१ रोजी निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करार संमत झाला. तोही स्वित्झर्लंडमधल्याच जिनीव्हात! त्याचे ३१ वे कलम सांगते : जीव वा स्वातंत्र्य धोक्यात असलेल्या प्रदेशातून थेट आलेल्या निर्वासिताला बेकायदा प्रवेशासाठी शिक्षा करू नये, मात्र त्याने विनाविलंब अधिकाऱ्यांपुढे हजर होऊन सबळ कारण द्यावे. ज्या सरकारपासून पळायचे, त्याच्याच कागदांची अट पळणाऱ्याला घालता येत नाही, हे जगाने मान्य केले.

१०/११
पण करारात एक पोकळी राहिली. दारात पोहोचलेल्याला तो संरक्षण देतो. दारापर्यंत येण्याची वाट देत नाही. राष्ट्रांनी ही फट हेरली. १९८७ मध्ये ब्रिटनने व्हिसा नसलेला प्रवासी आणणाऱ्या विमान व जहाज कंपन्यांवर प्रत्येक प्रवाशामागे १,००० पौंड दंड लावला. तिकीट खिडकीवरचा कारकून सीमारक्षक झाला आणि दलालांचा धंदा वाढला. येणारा प्रत्येक जण निर्वासित नसतो, हा सरकारांचा युक्तिवाद खोटा नाही. पण कोण खरा, हे त्याचे म्हणणे ऐकल्यावरच ठरते. दार आधीच बंद केले तर खरा आणि खोटा दोघेही सारख्याच चोरवाटेने येतात.

११/११
१९९५ मध्ये सेंट गॅलनच्या न्यायालयाने खटला पुन्हा चालवून ग्र्युनिंगर यांना निर्दोष ठरवले. २००४ पासून अमलात आलेल्या कायद्याने, त्या काळी निर्वासितांना मदत केल्याबद्दल शिक्षा झालेल्या इतरांवरील डागही पुसण्याची सोय झाली. यापुढे ‘बेकायदा स्थलांतरित’ हा शब्द वाचाल, तेव्हा एक प्रश्न अवश्य विचारा : या माणसासाठी कायदेशीर वाट कोणती होती, आणि ती कोणत्या तारखेला बंद झाली?