डॉलंड : राजाश्रय लाभलेली चष्म्यांची पेढी

लंडनच्या स्पायटलफील्ड्स भागात पीटर डॉलंड यांनी १७५० मध्ये चष्मे व दुर्बिणींचे एक छोटे दुकान उघडले. त्यांचे वडील जॉन (१७०६–१७६१) हे धर्मछळामुळे फ्रान्स सोडलेल्या ह्युगेनो प्रोटेस्टंट समाजातील. व्यवसायाने ते रेशीम विणकर होते. गणित व प्रकाशशास्त्र त्यांनी स्वाध्यायाने आत्मसात केले होते. १७५२ मध्ये मागाचा निरोप घेऊन ते मुलाच्या धंद्यात भागीदार झाले.

भिंगांच्या दुर्बिणीतून पाहताना त्या काळी वस्तूभोवती रंगीत कडा दिसत. हा दोष घालवणे अशक्य आहे, असे न्यूटनचे मत होते आणि प्रारंभी जॉन यांनीही त्याचीच पाठराखण केली. स्वतः प्रयोग केल्यावर मात्र त्यांचे मत पालटले. क्राउन काचेचे बहिर्गोल व फ्लिंट काचेचे अंतर्गोल भिंग जोडल्यास एकाचा रंगदोष दुसरे बऱ्याच अंशी नाहीसा करते, हे त्यांनी दाखवून दिले. १७५८ मध्ये त्यांना या भिंगाचे पेटंट आणि रॉयल सोसायटीचे कोप्ली पदक मिळाले. १७६१ मध्ये राजे तिसरे जॉर्ज यांचे चष्मेकार म्हणून त्यांची नेमणूक झाली; पण त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर पीटर यांनी पेटंटचा हक्क कठोरपणे बजावण्यास सुरुवात केली. चेस्टर मूर हॉल या हौशी संशोधकाने १७३० च्या दशकातच असे भिंग करवून घेतले होते, असे सांगत लंडनच्या इतर चष्मेकारांनी १७६४ मध्ये पेटंट रद्द करण्याची मागणी केली. ती सफल झाली नाही. हॉल यांचे अग्रस्थान न्यायालयानेही नाकारले नाही. मात्र शोध कुलपात ठेवणाऱ्यापेक्षा तो लोकांपर्यंत पोहोचवणाऱ्याचा लाभावर अधिकार आहे, असा निर्वाळा १७६६ मध्ये देण्यात आला.

त्याच वर्षी पेढी सेंट पॉल्स चर्चयार्ड येथे आली. पुढील काळात अॅडमिरल नेल्सन, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष टॉमस जेफरसन अशा नामवंतांकडे डॉलंड दुर्बिणी होत्या. संगीतकार मोझार्टचे वडील लिओपोल्ड यांनीही लंडन मुक्कामात एक घेतली होती.

१९२७ मध्ये एचिसन कंपनीशी एकत्रीकरण होऊन ‘डॉलंड अँड एचिसन’ ही दुकानांची साखळी उभी राहिली. २००९ मध्ये ती बूट्स ऑप्टिशियन्समध्ये विलीन झाली आणि २०१५ पर्यंत दुकानांच्या पाट्यांवरून डॉलंड हे नाव पुसले गेले.